हिरवी फीत

पाटीवरचे हात आत्याचे होते. त्यात शंकेला जागाच नव्हती. डाव्या अंगठ्याचं मधोमध दुभंगलेलं नख, तर्जनीवरचा भाजल्याचा पांढरा डाग, उजव्या मुठीत आखूड दांड्याची हातोडी. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त माणसाच्या उंचीएवढं मोठं केलेलं. मनगटाच्या वर चित्र संपत होतं, आणि जिथे ते संपत होतं तिथे वीतभर अक्षरांत तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं नाव होतं. नावाखाली एक ओळ : ‘तिसऱ्या पिढीचे उस्ताद. हेच ते हात.’

आत्यानं ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. एव्हाना तिची कानशिलं तापली होती.

‘कसा आलाय फोटो?’ साहेबानं विचारलं. साहेब म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा. बाराव्या वर्षी नवे बूट घालून घरच्या कात्र्यांच्या कार्यशाळेच्या दारात आला आणि आत लोखंडाचा चुरा आहे म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरला. तेव्हापासून घरात त्याचं हेच नाव पडलं होतं.

‘कुणाचा?’

‘म्हणजे?’

‘फोटो कुणाचा आलाय, ते विचारतेय.’

साहेब गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करत म्हणाला, ‘अगं आत्या, ते ब्रँडिंग आहे. हात म्हणजे आपल्या घराण्याचे हात. प्रतीक असतं ते.’

‘अस्सं! आणि प्रतीकाचं नख नेमकं माझ्याच नखासारखं फुटलंय होय?’

त्यावर साहेबाला एकदम समोरच्या साबणवाल्याशी काहीतरी अर्जंट बोलायचं आठवलं. तो गेला. आत्या पाटीसमोर तशीच उभी राहिली आणि येणारे-जाणारे तिला वळसा घालून जाऊ लागले.

लघुउद्योजकांच्या राष्ट्रीय संमेलनाचा हा दुसरा दिवस. भलामोठा पत्र्याचा हॉल, त्यात चारशे गाळे. मधवाले, खेळणीवाले, पट्टे शिवणारे, बरण्या फुंकणारे. छतावरच्या कर्ण्यातून बाईचा गोड आवाज दर दहा मिनिटांनी तेच तेच सांगत होता : नवउद्योजकांची नोंदणी खिडकी क्रमांक चारवर, दुपारी चारपर्यंत. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. ज्याचा धंदा त्याची फीत लाल, आणि त्यावर ‘उद्योजक’ असं छापलेलं. बाकीच्यांची हिरवी, तिच्यावर ‘सोबत आलेले’.

फितीचा राग तर कालपासूनच डोक्यात होता. काल प्रवेशाच्या टेबलावर दादानं दोन लाल फिती घेतल्या, एक स्वतःला आणि एक साहेबाला. तीन हिरव्या घेतल्या : एक वहिनींना, एक चाकाच्या खुर्चीतल्या वडिलांना, अण्णांना आणि एक आत्याला. अण्णांना! ज्यांनी ही कार्यशाळा चाळीस वर्षं चालवली ते म्हणे सोबत आलेले. ‘काय फरक पडतो गं, फीतच तर आहे,’ असं दादा म्हणाला होता. फरक पडत नव्हता तर एखादी हिरवी त्यानं स्वतःच्या गळ्यात का नाही घातली, हे विचारायचं आत्याच्या ओठांवर आलं होतं, पण मागे माणसं खोळंबली होती.

आणि आज ही पाटी. पाटीच्या खालच्या अंगाला कात्री कशी तयार होते त्याची चित्रं होती. तापवणं, ठोकणं, पाणी देणं, धार काढणं, घासणं, स्क्रू बसवणं. सहा टप्पे. आत्यानं बोट लावून मोजले. सहाच होते. सातवा नव्हता. सातवा म्हणजे जुळवणी, आणि जुळवणी म्हणजे आत्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कात्रीची दोन पाती सरळ असतात. सरळ असती तर चिंधीसुद्धा कापली नसती. प्रत्येक पातं केसभर बाहेर वाकवावं लागतं, इतकं की कात्री मिटून दिव्यासमोर धरली तर मधून उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. मग पाती फक्त जिथे कापतात तिथेच एकमेकांना टेकतात, आणि तो टेकण्याचा बिंदू बुडापासून टोकापर्यंत सरकत जातो. हे वाकवणं करायचं पाणी दिलेल्या, म्हणजे काचेइतक्या कडक झालेल्या पोलादावर, छोट्या हातोडीनं. ठोका पात्याच्या चुकीच्या गालावर, म्हणजे चुकीच्या बाजूवर, पडला की खलास. या घराच्या शिंपी-कात्र्या चार-चार गल्ल्या सोडून लोक शोधत येत ते या सातव्या टप्प्यासाठी, आणि तो टप्पा अडतीस वर्षं एकटी आत्या करत आली होती.

दुपारी बारा वाजता मोठ्या मंचावर परीक्षक कात्री तपासणार होते आणि ती पसंत पडली की दादा करारावर सही करणार होता. संमेलनानं लहान कारखानदारांसाठी एक सामायिक कारखाना उभा केला होता, सगळा यंत्रांचा. सही झाली की कात्र्या तिथे व्हायच्या. दादा तिथे उस्ताद म्हणून जाणार, साहेब विक्री बघणार आणि घरामागची कार्यशाळा महिनाअखेर बंद. खिडकीखालचा आत्याचा बाक, ऐरण, सगळं भंगारात. आत्याला हे परवा कळलं, तेही जेवताना. ‘तुला आता आराम, चिमे,’ दादा म्हणाला होता. जणू तिनं आराम मागितला होता!

‘ही जुळवलेली नाही!’

अण्णा ओरडले. त्यांना ऐकू येईनासं होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे ते साधं बोलले तरी आजूबाजूची माणसं दचकत. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी गाळ्यावरच्या पेटीतला एक जोड काढला होता, त्याचा तेलकट कागद मांडीवर पसरला होता आणि कात्रीची कडी दातात धरून ते पाती उघडमीट करत होते. कान गेल्यावर त्यांनी हा उपाय काढला होता. कात्रीचा सुरसुराट दातांतून कवटीत जातो म्हणत, आणि त्यात त्यांची एकदाही चूक झाली नव्हती.

‘अण्णा, हळू,’ वहिनी खुर्चीशी वाकून हातानं खुणा करत म्हणाल्या.

‘हळू काय हळू! ठोकळा आहे हा. चिमे, बघ.’

आत्यानं जोड घेतला, मिटला, छतावरच्या दिव्यासमोर धरला. उजेडाचा मागमूस नव्हता. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग तिनं पेटीच पुढ्यात ओढली आणि कागद भराभरा सोडत सुटली. चाळीसच्या चाळीस जोड तसेच.

‘हे जोड कुणी भरले?’

‘मी भरले,’ साहेब परत आला होता. ‘मुद्दाम नीट गुंडाळलेले निवडले. ते भिंतीवर उघडे टांगलेले होते, ते नाही घेतले. त्यांना ना कागद, ना काही.’

वहिनींनी कपाळावर हात मारला. आत्याला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. त्यांच्या कार्यशाळेत जुळवणीची वाट बघणारे जोड आठवडा-आठवडा पडून राहत, म्हणून गंजू नयेत यासाठी त्यांना तेल लावून कागदात गुंडाळत. जुळवून झालेला जोड मात्र भिंतीच्या खिळ्याला उघडा टांगायचा, कारण तो त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे जाई. कार्यशाळेत एक आठवडा बसलेल्या माणसाला हे माहीत असतं. साहेबानं अर्धवट माल शोभिवंत दिसला म्हणून उचलून राष्ट्रीय संमेलनात आणला होता.

‘मला कुणी सांगितलंच नाही!’

‘तू कधी विचारलंस? सव्वीस वर्षांचा घोडा झालास, भिंतीवर काय टांगतात ते एकदा तरी विचारलंस?’

‘आत्या, प्लीज, लोक बघतायत.’

‘बघू देत की! त्यासाठीच तर पाटी लावलीय ना एवढी थोरली!’

आवाज ऐकून दादा लांबूनच हात हलवत आला. इस्त्रीचा कोट, लाल फीत, चेहऱ्यावर सकाळपासून चिकटवलेलं हसू. ते हसू त्यानं गाळ्यासमोरच्या लोकांपुरतं ठेवलं आणि आत्याला दंडाला धरून गाळ्याच्या मागे नेलं. तिथे रिकाम्या खोक्यांची रास होती आणि दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा.

‘काय चाललंय हे?’

‘तुझ्या लेकानं बिनजुळवलेला माल आणलाय. सगळा. बारा वाजता मंचावर परीक्षक ओलं रेशीम कापून बघणार आहेत ना? कापेल असं वाटतं तुला?’

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. क्षणभरच. मग त्यानं घड्याळ पाहिलं. ‘साडेदहा झालेत. तुझी हातोडी पिशवीत आहे ना?’

‘आहे.’ दुसऱ्या बायकांच्या पिशवीत चष्मा असतो तशी आत्याच्या पिशवीत ती असायचीच.

‘मग झालं तर! एक जोड जुळवायला तुला किती वेळ लागतो? पाच मिनिटं? इथेच बस खोक्यावर. दोन जोड कर. कुणाला दिसणार नाही.’

कुणाला दिसणार नाही. हे शब्द त्यानं किती सहज उच्चारले! आत्याच्या डोक्यात तिडीक गेली.

‘जुळवते. आधी पाटी काढ.’

‘वेडी आहेस का? पाटी कशी काढणार आता?’

‘जशी लावलीस तशी. नाहीतर तुझं नाव झाक. नाहीतर खाली लिही की हात बहिणीचे आहेत. काहीही कर, पण खोटं बोलणाऱ्या पाटीखाली मी कात्रीला हात लावणार नाही.’

‘चिमे, ही वेळ आहे का रुसवेफुगवे करायची? आख्ख्या घराचं भलं होतंय.’

‘कुठल्या घराचं? ज्या घराला दोन लाल फिती मिळाल्या त्याचं?’

‘पुन्हा फीत! एवढ्याशा फितीवरून...’

‘एवढीशी आहे तर बदल की माझ्याशी! घाल ही हिरवी आणि जा मंचावर.’

दादानं खोक्यावर मूठ आपटली. खोकं रिकामं होतं, आवाज मात्र मोठा झाला. मग तो दबक्या आवाजात बोलू लागला, आणि तो आवाज आत्यानं आजवर ऐकला नव्हता.

‘तुला आठवतं? मी एकोणीस वर्षांचा होतो. सकाळपासून तीन जोड मोडले होते. अण्णांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. चौदा कामगार बघत होते. काढून कुणाच्या हातात दिली? सतरा वर्षांच्या पोरीच्या. म्हणाले, तू पोलाद आणत जा, ते तुला जमेल. मी आणलं. अडतीस वर्षं आणलं. गिऱ्हाईक मी जोडलं, दुष्काळी वर्षांत कामगार मी सांभाळले, उन्हातान्हात वणवण मी केली. आणि दुकानात येणारा प्रत्येक जण कात्री हातात घेतली की काय विचारतो? आत्यानं जुळवली का? प्रत्येक जण! एकानं तरी विचारलं का, दादा कसा आहे? एक दिवस, चिमे. एकच दिवस ते हात माझे असू देत की!’

आत्याला त्याची कीव आली आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. कीव यायला नको होती. आज तर मुळीच नको होती.

‘मागितले असतेस तर दिले असते,’ ती म्हणाली. ‘बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला असतास तर शिकवलंही असतं. अडतीस वर्षांत एकदा तरी बसलास? तू मागितले नाहीस, दादा. चोरलेस. आणि वर मला सांगतोस, खोक्यामागे बसून काम कर, कुणाला दिसणार नाही.’

‘म्हणजे तू जुळवणार नाहीस.’

‘पाटी उतरेपर्यंत नाही.’

‘ठीक आहे. मी जुळवतो.’

‘तू?’

‘उस्ताद कोण आहे पाटीवर? मीच ना? आण ती हातोडी.’

आत्यानं पिशवीत हात घातला. हातोडी काढली. दांड्यावर तिच्या अंगठ्याची खळी पडलेली होती. ती देऊ नये असं मनापासून वाटत असूनही तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली. रागाच्या भरात माणूस नको ते देऊन बसतो.

‘घे. आणि ऐक, ठोका आतल्या गालावर...’

‘मला शिकवू नकोस,’ दादा म्हणाला आणि गेला.

बाराला पाच मिनिटं असताना आत्या मोठ्या सभागृहाच्या दाराशी पोहोचली. मागून वहिनी अण्णांची खुर्ची ढकलत येत होत्या. दाराशी टोपीवाला पहारेकरी होता. बिचारा सभ्य होता. त्यानं फितीकडे पाहिलं आणि मान हलवली.

‘हिरव्या फितीला आत सोडता येत नाही, बाई. आत जागा मोजक्या आहेत. तिथे बाहेर पडदा लावलाय, त्यावर सगळं दिसतं.’

‘अहो, यांचा मुलगा मंचावर आहे,’ आत्या अण्णांकडे बोट करत म्हणाली. ‘त्या कात्र्या...’

‘सगळ्यांचं कुणी ना कुणी मंचावर आहे, बाई.’

वहिनींचं आणि आत्याचं कधी फारसं जमलं नव्हतं. वहिनी या घरात आल्या तेव्हा हातोडी आत्याकडे होती, खिडकीखालची उजेडाची जागा आत्याकडे होती आणि सासऱ्याचा शब्दही आत्याकडे होता. वहिनींच्या वाट्याला घासणी आली. तीस वर्षं कात्र्यांच्या कड्या घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. दोघी एका छपराखाली काम करत आणि कामापुरतं बोलत. पण आता पहारेकऱ्यानं दोघींना एकाच हातानं बाजूला केलं, तशी वहिनींनी स्वतःच्या फितीकडे पाहिलं, मग आत्याच्या.

‘वन्सं,’ त्या म्हणाल्या, ‘मी काल यांना म्हटलं होतं, निदान मला तरी लाल घ्या, मी रोज आठ तास घासते. तर हे काय म्हणाले माहितीय? तू तर घरचीच आहेस.’

‘घरचीच!’

‘हो ना. मग साहेब कुठला बाहेरचा आहे?’

आत्या हसली, आणि त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता. वहिनीही तशाच हसल्या.

पडद्यावर दादा दिसला. मंचावर तीन परीक्षक होते. मधोमध नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एक वयस्क बाई होत्या, करड्या केसांच्या, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत असलेल्या. त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं आणि रेशमाचा तुकडा. साहेब माइकवर घराण्याविषयी बोलला. वारसा म्हणाला, गुणवत्ता म्हणाला, उद्याचा बाजार म्हणाला. पाठीमागे तीच पाटी, इथे दुप्पट मोठी.

शिंपीणबाईंनी कात्री घेतली, ओलं रेशीम पात्यांमध्ये धरलं आणि कात्री मिटली. रेशीम कापलं गेलं नाही. ते मुकाट्यानं दुमडून पात्यांच्या मध्ये जाऊन बसलं. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांनी कात्री मिटून दिव्यासमोर धरली. काय बघायचं ते त्या बाईला माहीत होतं, हे आत्याच्या लगेच लक्षात आलं.

‘ही जुळवलेली नाही,’ कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. म्हणजे दादानं तोवर हातोडी लावलीच नव्हती.

‘प्रवासात... प्रवासात थोडी हलली असणार,’ दादा म्हणाला.

‘हरकत नाही. तुम्ही स्वतः उस्ताद आहात. हातोडी आहे? मग जुळवा ना इथेच. मलाही बघायला आवडेल. फार कमी माणसं उरलीत हे करणारी.’

टाळ्या पडल्या. मेल्यांना कशाच्या टाळ्या वाजवतोय तेही कळत नव्हतं. दादानं कात्रीचा स्क्रू सोडला, एक पातं मंचावरच्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवलं आणि हातोडी उचलली. पडद्यावर त्याचे हात जवळून दिसू लागले. गुबगुबीत, स्वच्छ, नखं कापलेली.

‘कोपर वर चाललंय,’ अण्णा खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले. त्यांना कर्ण्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. ‘कोपर खाली घे रे! तेव्हाही असंच करायचा. मोडणार आता.’

‘दादा, गाल उलटा आहे,’ आत्या म्हणाली. पुटपुटली नाही, चांगली मोठ्यानं म्हणाली. दार बंद होतं.

पहिला ठोका पडला. त्याचा आवाज ऐकूनच तिनं डोळे मिटले. दुसरा ठोका. आणि मग तो आवाज, जो तिनं वयाच्या सतराव्या वर्षी एका सकाळी तीनदा ऐकला होता.

पातं दोन तुकडे होऊन पडलं. शिंपीणबाई उठल्या, त्यांनी तुटलेलं टोक उचलून टेबलावर ठेवलं, मग वळून पाटीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

‘हे हात तुमचे नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘या अंगठ्याचं नख फुटलेलं आहे. तुमचं धडधाकट आहे. कुणाचे आहेत हे हात?’

पडद्यावर दादाचा चेहरा दिसत होता. आत्या त्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभी राहिली. आता सांगेल. आता तरी सांगेल. एक शब्द पुरे होता. बहीण म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेवढ्यावर तिनं सगळं गिळलं असतं, फीत, पाटी, खोकी, सगळं.

‘ते... प्रतीकात्मक आहेत,’ दादा म्हणाला.

आत्यानं पडद्याकडे पाठ फिरवली. इतका संताप तिला जन्मात आला नव्हता.

‘चला वन्सं,’ वहिनी म्हणाल्या.

‘कुठे?’

वहिनींनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. नवउद्योजक नोंदणीचा अर्ज. ‘काल संध्याकाळीच घेऊन ठेवला. माझ्यासाठी घेतला होता. म्हटलं, घासणीचं काम बाहेरचंही घेता येईल. मग भरायचा धीर होईना. यात दोन नावांची जागा आहे.’

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं एका छपराखाली काढली आणि या बाईच्या मनात काय आहे ते तिला आज कळत होतं.

‘आणि घरी गेल्यावर?’

‘घरी गेल्यावर जे व्हायचं ते होऊ दे. तुम्ही घाबरता का त्यांना?’

‘मी? छे!’

‘मग झालं तर. मीही आजपासून नाही घाबरत.’

खिडकी क्रमांक चारपाशी चांगली लांब रांग होती. पुढे मेणबत्त्या करणाऱ्या दोघी बहिणी, एक सायकल दुरुस्तीवाला, चटया विणणारा एक जण. सगळ्यांच्या गळ्यात हिरवी फीत. वहिनींनी खुर्ची रांगेतच घातली, आणि अण्णांनी मांडीवरच्या जोडाची कडी पुन्हा दातात धरली, नुसता चाळा म्हणून. दीड तास गेला. राग काही निवला नाही, पण रांगेतल्यांच्या बिघडलेल्या कात्र्यांची गाऱ्हाणी ऐकून आत्यानं त्या जुळवून द्यायचा शब्द दिला, आणि स्वतःची नोंदणी झाल्यावरही ते तिच्यासाठी थांबून राहिले.

खिडकीमागे चष्मेवाला कारकून होता.

‘नावं भरलीत. कामाची जागा कुठली?’

‘राहतं घर,’ आत्या म्हणाली. ‘मागच्या अंगाला कार्यशाळा, खिडकीखालचा बाक.’

‘पण ही जागा तर दुसऱ्या उद्योगाच्या नावावर दिसते. सामायिक कारखान्याच्या यादीत.’

‘त्या करारावर सही झाली का?’

कारकुनानं दुसरा कागद चाळला. ‘नाही. चारपर्यंत राखून ठेवलाय, असा शेरा आहे.’

‘मग लिहा.’

‘जागा वडिलांची?’ त्यानं अण्णांकडे पाहिलं. ‘त्यांची संमती लागेल.’

वहिनींनी अर्ज अण्णांपुढे धरला आणि बोटानं जागा दाखवली. अण्णांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मुळीच घाई केली नाही. मग कडी दातातून काढली.

‘बाक कुठेही जाणार नाही!’ ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या तिन्ही खिडक्यांतून माणसं वाकून बघू लागली. त्यांनी सही केली आणि पेन कारकुनाकडे न देता स्वतःच्या खिशात घातलं.

‘व्यवसाय?’ कारकून आत्याला म्हणाला. ‘कात्र्या बनवता, असं लिहू?’

‘बनवणारे पुष्कळ आहेत. कात्री जुळवते, असं लिहा. आणि यांच्या नावापुढे, कात्री घासते.’

‘हे आमच्या यादीत नाही.’

‘मग यादीत घाला!’

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे लिहिलं. शिक्का मारला. तेवढ्यात मागे कुणीतरी धापा टाकत आलं. दादा होता. कोट काखेत, काखेतून शर्ट घामेजलेला, हातात ती पेटी. त्याच्या चार पावलं मागे साहेब, खाली बघत.

‘चिमे,’ दादा म्हणाला. ‘अण्णांकडचा धरून एकोणचाळीस जोड आहेत. बाईंनी चारला पुन्हा बोलावलंय. म्हणाल्या, ज्यांचे हात आहेत त्यांच्याकडून जुळवून आणा आणि त्यांनाही बरोबर आणा.’

‘कोण आहेत ते, सांगितलंस त्यांना?’

दादानं खिशातून हातोडी काढून पुढे केली. ‘साहेब सांगून आला,’ तो म्हणाला. ‘माझ्याच्यानं बोलवेना.’

आत्यानं साहेबाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. आत्यानं हातोडी घेतली, दांडा बाहीला पुसला, खळीत अंगठा बसतोय ना ते पाहिलं आणि पिशवीत टाकली.

‘मग?’ दादा म्हणाला. ‘जुळवतेस ना?’

‘आमची नोंदणी आत्ताच झालीय,’ आत्या म्हणाली. ‘गिऱ्हाईक घेऊ आम्ही. या वहिनींच्या मागे पहिली ती मेणबत्तीवाली. तिची वात कापायची कात्री बिघडलीय, तिला मी शब्द दिलाय. मग सायकलवाला. मग चटईवाला, त्याच्या दोन आहेत. त्यांच्या मागे ये.’

‘चिमे! अडीच वाजलेत. सख्खा भाऊ आहे मी तुझा!’

‘असशील. पाटीवर तसं कुठे लिहिलंय?’

दादाचा चेहरा लालबुंद झाला. क्षणभर वाटलं, पेटी तिथेच आपटून चालता होईल. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खोकं शोधून आणून ते आत्यासाठी भिंतीच्या कडेला, भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असं मांडत होत्या. दादा वळला. चटईवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पेटी पायाशी ठेवली.

चटईवाल्यानं मागे वळून त्याची फीत पाहिली.

‘शेठ, तुम्ही इथे कशाला ताटकळताय? लाल फितीला रांग नसते. तिकडे एक नंबरची खिडकी मोकळी आहे.’

‘माहीत आहे मला,’ दादा खेकसला, आणि जागचा हलला नाही.